तळी, खडीचा वाफा की यंत्र? गावच्या सांडपाण्याचं काय करायचं

सांडपाणी केंद्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, पाणी किती स्वच्छ होणार? मी आधी विचारतो, केंद्र बंद पडलं त्या दिवशी नदीचं काय होणार? माणशी रोज साधारण ५० ग्रॅम बीओडी धरतात, म्हणजे तेवढा प्राणवायू ती घाण कुजताना खाते. दोन हजार वस्तीची झाली १०० किलो. केंद्राने ९० टक्के काढली तर नदीत रोज १० किलो जाते. आणि केंद्र एक दिवस बंद राहिलं तर दहा दिवसांची घाण एका दिवसात. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि बहुतेक माशांना चार-पाच तरी लागतो. महिन्याची सरासरी चांगली आली म्हणून मेलेले मासे परत येत नाहीत.

यंत्राची, म्हणजे सक्रिय गाळाची पद्धत (टाकीत हवा सोडायची आणि गाळातल्या जिवाणूंकडून घाण खाववायची) जुनीच, १९१४ सालची, मँचेस्टरची. जागा थोडी लागते, आणि नीट चालली तर तिघांत सगळ्यात स्वच्छ पाणी हीच देते. पुरेशी हवा आणि वेळ दिला तर अमोनियाही हटतो. पण तिचा जीव हवा फुंकणाऱ्या ब्लोअरमध्ये. वीज गेली की टाकीतले जिवाणू गुदमरू लागतात. शिवाय गाळ वेळच्या वेळी उपसला नाही तर तोच निवळण टाकीवरून वाहत नदीत जातो. कधी उपसायचा ते कळायला टाकीतलं तपकिरी पाणी लिटरभर नळकांड्यात घ्यायचं, अर्धा तास हलवायचं नाही आणि गाळ कुठवर बसला ते वहीत लिहायचं, इतकं साधं काम आहे. ते रोज करणारा माणूस गावात टिकणार असेल तरच या वाटेला जा.

तळ्यांना ना वीज लागते ना घाई असते. पाणी त्यांत आठवडेच्या आठवडे राहतं, त्यामुळे एखादा दिवस बिघडला तरी तो पोटात जिरतो. शेवटच्या उथळ तळ्यांत उन्हाने रोगजंतूही मरतात. खाली लोक नदीत उतरत असतील तर ही मोठी गोष्ट आहे. मात्र उष्ण हवेतही माणशी दोन-तीन चौरस मीटर जागा द्यावी लागते, बाहेर पडणारं पाणी शेवाळाने हिरवं असतं, आणि गाळ काही वर्षांनी काढायचा असल्यामुळे तो काढायचाच राहून जातो.

खडीचा वाफा, म्हणजे झाडं लावलेल्या खडीतून सांडपाणी सोडायचं, दिसायला सगळ्यात देखणा. कर्दळ, पाणकणीस डोलत असतं आणि पाहुण्यांना वाटतं झाडंच पाणी साफ करतात! खरं काम खडीला चिकटलेल्या जिवाणूंचं. पाणी आडवं वाहणाऱ्या वाफ्यात आत हवा कमी, म्हणून बीओडी उतरते पण अमोनिया बराचसा तसाच निघून जातो. वरून थांबून थांबून पाणी सोडायच्या उभ्या वाफ्यात दर खेपेला हवा आत ओढली जाते, तिथे तोही उतरतो. दोन्हींच्या आधी निवळण टाकी हवीच, नाहीतर खडी तुंबते आणि काळं पाणी वर साचतं.

अमोनियावर एवढा भर का? त्यातल्या एका ग्रॅम नायट्रोजनमागे नदीचा साडेचार ग्रॅम प्राणवायू जातो, आणि पाणी गरम व अल्कधर्मी असलं की तो माशांना थेट विषारी ठरतो.

नदी बारमाही आणि मोठी असेल, जागाही असेल, तर मी तळ्यांच्या बाजूने. उन्हाळ्यात ओढ्यात केंद्राचंच पाणी वाहणार असेल तर आडवा वाफा नको. उभा वाफा घ्या, किंवा तळी करून ते चार महिने पाणी शेताकडे वळवा. यंत्र जागाच नसेल तेव्हा, आणि जनरेटरसकट.

ठरवण्याआधी नदीवर एक पहाट घालवा. प्राणवायू तेव्हाच सगळ्यात कमी असतो. नमुना सांडपाणी मिळतं तिथलाच घेऊन भागत नाही, कारण प्राणवायू सगळ्यात कमी होतो ती जागा बरीच पुढे खाली लागते. वरच्या अंगाचा एक दगड उलटा, मग खालचा. वर कीटकांची पिल्लं पळताना दिसली आणि खाली राखाडी बुळबुळीत थर नि लाल किडे, तर त्या नदीत आणखी घाण पचवायची ताकद उरलेली नाही.