टप कापायला देण्याआधी हे वाचा: व्हॅनचं छत उंच करून घेताना झालेली फसवणूक

जुनी टाटा विंगर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, करून घ्यायचा विचार असेल, तर हा अनुभव वाचाच. आमचे पैसे अडकलेत, आणि तो गॅरेजवाला आजही नवीन गिऱ्हाइकं घेतोय.

आमची गाडी सपाट टपाची. आईला मणक्याचा त्रास, वाकून उठबस जमत नाही, म्हणून टप उंच करून घ्यायचं ठरवलं. उंच टपाचे फायदे खरे आहेत. आत ताठ उभं राहता येतं, उभ्याने चहा करता येतो, वर कपाटं निघतात, टपावर पंखा बसवला की गरम हवा बाहेर पडते. पण एक्स्प्रेस वेवर शेजारून ट्रक गेला की अशी गाडी हेलकावते, मायलेज उतरतं, आणि वाहनतळाच्या तोंडाशी आडवा गज असेल तर बाहेरच थांबावं लागतं. यातला एकही तोटा गॅरेजवाल्याने सांगितला नाही.

पिंपरी-चिंचवडकडच्या त्या गॅरेजचं कोटेशन 4,80,000 रुपयांचं. त्यात लिहिलेलं: लोखंडी चौकटीवर फायबरचा टप, मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा), लिथियम बॅटरी, आरटीओची नोंद. "दादा, पासिंगचं आमच्याकडे लागलं, तुम्ही फक्त डिझाइन निवडा." पैसे हप्त्याहप्त्याने घेतले, शेवटचा हप्ता गाडी ताब्यात द्यायच्या आधी. फोटो यायचे, पण सगळे बाहेरून काढलेले. बघायला येतो म्हटलं की उत्तर ठरलेलं, "रंगकाम चालू आहे, धूळ बसेल."

पहिल्याच पावसात ताम्हिणी घाटात गादीवर पाणी ठिबकायला लागलं. मग सरकता दरवाजा अडकायला लागला. गॅरेजवाल्याने टपाच्या सांध्यावर पुन्हा सिलिकॉन फासून दिलं. गळती थांबेना, तेव्हा ओळखीच्या बॉडी बिल्डरकडून आतलं अस्तर उघडून घेतलं.

लोखंडी चौकट नव्हतीच. टपाखालच्या मूळ आडव्या पट्ट्या कटरने उडवलेल्या, आणि वर फायबरचं नुसतं कवच, रिव्हेट आणि सिलिकॉनच्या भरवशावर. विंगरला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नसते. तिची बॉडी मोनोकॉक आहे, म्हणजे पत्र्याची पेटी हाच सांगाडा, आणि दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवण्यात टपाचा मोठा वाटा. तो कापून जागी मजबूत चौकट घातली नाही, तर प्रत्येक गतिरोधकावर बॉडी पिळते. दरवाजा त्यामुळे अडकत होता, सांधाही त्यामुळेच उघडत होता. गाडी उलटली असती तर आतल्या माणसांच्या डोक्यावर फायबरशिवाय काहीच नव्हतं. मला पैशांपेक्षा याचा संताप येतो. आई त्या गाडीत बसत होती, आणि ते त्याला माहीत होतं.

पुढे प्लाय साधा कमर्शियल निघाला, आणि लिथियमच्या पेटीत लेड-ॲसिड बॅटरी.

कागदांची तऱ्हा तीच. आरसीवर काहीच नोंद नाही, बिलावर फक्त 'ॲक्सेसरीज फिटिंग'. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असे बदल मनाला येईल तसे करू देत नाही. बेकायदा बदल केलेल्या गाडीच्या मालकाला कलम 182 अ (4) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. टप कापला त्याने, जबाब द्यायचा मालकाने. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच बदल दाखवून दावा अडवू शकते. म्हणून 'पासिंग नंतर बघू' म्हणणाऱ्याच्या हाती गाडीची किल्लीच देऊ नका. आधी आरटीओची लेखी मंजुरी बघा, मग कटर लागू द्या.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. कोटेशन, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, बँकेच्या नोंदी आणि अस्तर उघडतानाचे फोटो आम्ही जोडले आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही मार्गदर्शन मिळतं.

अजून गाडी घेतली नसेल, तर विंगर कंपनीतूनच उंच टपाचीही येते, तीच शोधा. आणि ज्यांची गाडी आत्ता कुणाच्या गॅरेजात टप कापून उभी आहे, त्यांनी अस्तर बंद होण्याआधी, न कळवता जाऊन, आतली चौकट स्वतः हात लावून बघा. वेल्डिंगचे फोटो काढा. ते बघितल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.