आरोग्य अर्थशास्त्राच्या जर्नलला पेपर पाठवताना: कोकणातल्या संशोधकांसाठी सबमिशन सेवेचे परीक्षण

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आरोग्य अर्थशास्त्राच्या जर्नलकडे गेलेले पेपर इंग्रजीमुळे परत येतात, असा पक्का समज आहे. तो बरोबर नाही. पेपर परत येतो तो बहुतेक वेळा खर्चाच्या तक्त्यामुळे. पैसे कुणाच्या खिशातून गेले, रुपये कोणत्या सालचे धरले, आणि ज्या गोष्टीचे बिल कधी आलेच नाही तिची किंमत कुठे मांडली, या तीन प्रश्नांची उत्तरे तक्त्यात सापडत नाहीत. त्यामुळे या परीक्षणात पोर्टलवरच्या पायऱ्या आहेतच, पण त्याहून जास्त त्या तक्त्याबद्दल आहे.

या सेवेत नक्की मिळते काय? संपादक पेपर चाळून तो आत घ्यायचा की दारातूनच परत करायचा हे ठरवतो. आत घेतला तर दोन-तीन रिव्ह्यूअर तो वाचतात आणि लेखी शेरे देतात. त्यांना सहसा मानधन नसते. स्वीकारला तर मजकुराची छपाईपूर्व तपासणी होते, डीओआय क्रमांक (पेपरची कायमची ऑनलाइन ओळख) मिळतो आणि पेपर कायमचा नोंदला जातो. यातली खरी मोलाची गोष्ट म्हणजे रिव्ह्यूअरचे शेरे. चांगल्या जर्नलचा नकारसुद्धा दोन-तीन पानांच्या शेऱ्यांसह आला, तर पुढच्या पेपरची निम्मी तयारी तिथेच होते. दारातून आलेला नकार मात्र दोन ओळींचा असतो आणि त्यातून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही. म्हणून सगळी मेहनत त्या दारातून आत जाण्यावर करावी.

दार कोणते, हे प्रश्नावर ठरते. ‘जर्नल ऑफ हेल्थ इकॉनॉमिक्स’ 1982 पासून निघते आणि ‘हेल्थ इकॉनॉमिक्स’ 1992 पासून. दोन्हींचा वाचक अर्थशास्त्रज्ञ आहे. विमा मिळाल्यावर लोकांचे वागणे बदलते का, डॉक्टरच्या मोबदल्याची पद्धत बदलली की उपचार बदलतात का, असे कार्यकारणाचे प्रश्न त्यांना हवेत. एका जिल्हा रुग्णालयातल्या 120 रुग्णांच्या खर्चाची सरासरी तिथे पाठवली तर ती आठवडाभरात परत येईल, आणि त्यात अन्याय काही नाही. औषध, लस किंवा तपासणी पैशाच्या मानाने परवडते का, हा प्रश्न असेल तर आयस्पोर या आरोग्य अर्थशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे ‘व्हॅल्यू इन हेल्थ’ आहे. त्याचेच भावंड ‘व्हॅल्यू इन हेल्थ रिजनल इश्यूज’ हे आशियासारख्या प्रदेशांसाठीच काढलेले आहे. 2003 साली सुरू झालेले ‘कॉस्ट इफेक्टिव्हनेस अँड रिसोर्स अलोकेशन’ हेही याच कामाचे, आणि पूर्ण मुक्त प्रवेशाचे, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारे. विमा योजना, आशांचे जाळे, प्राथमिक आरोग्य केंद्राचा कारभार अशा विषयांना ‘हेल्थ पॉलिसी अँड प्लॅनिंग’ जवळचे, कारण ते अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांकडेच पाहते. जर्नल निवडण्याआधी त्याचे गेल्या दोन वर्षांतले दहा गोषवारे वाचावेत. आपला प्रश्न त्या दहांच्या पंगतीत बसत नसेल तर जर्नल बदलावे, पेपर बदलू नये.

आता तक्ता. कोकणातला नेहमीचा विषय घेऊ: लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप. लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या मजुरांना आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यायचे, हा प्रतिबंधाचा परिचित उपाय. समजा 500 मजूर आणि 6 आठवडे. 100 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या धरल्या तर 6,000 गोळ्या लागतात. कच्च्या पेपरात खर्चाचा तक्ता इथेच संपतो: गोळ्या गुणिले दर. रिव्ह्यूअरचा पहिला शेरा ठरलेला असतो. या 3,000 भेटी दिल्या कुणी? आशाताईंनी बांधाबांधावर जाऊन गोळ्या दिल्या, तर त्यांचा वेळ हाच या कार्यक्रमाचा मोठा खर्च आहे. त्यांना मोबदला मिळाला नाही म्हणून तो खर्च शून्य होत नाही. त्या वेळात त्यांची दुसरी कोणती कामे मागे पडली, त्याचीही किंमत धरावी लागते. औषधांचा दर सरकारी खरेदीचा की मेडिकलच्या दुकानातला, हेही लिहावे. दोन्ही दर एकाच तक्त्यात मिसळलेले पेपर नेहमी दिसतात आणि ते वाचवता येत नाहीत.

मग रुग्णाची बाजू. लावणीच्या हंगामातली बुडालेली मजुरी आणि एप्रिलमधली बुडालेली मजुरी सारखी नसते. समजा रोज 500 रुपये, रुग्णाचे 12 दिवस आणि सोबतच्या माणसाचे 8 दिवस बुडाले, तर 10,000 रुपये झाले. सरकारी रुग्णालयात उपचार मोफत असतानाही हा आकडा राहतोच. तो दाखवायचा की नाही हे दृष्टिकोनावर, म्हणजे कुणाचा खर्च मोजायचा यावर ठरते, आणि दृष्टिकोन गोषवाऱ्यातच सांगावा: आरोग्य यंत्रणेचा की समाजाचा. सावंतवाडी-दोडामार्गचे रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. 2018 पासून गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले. असा रुग्ण नमुन्यात असेल तर त्याचा खर्च वेगळ्या ओळीत मांडावा आणि विमा योजनेने किती भरले, घरच्यांनी किती, हे सुटे करून दाखवावे. तोच पैसा विम्याच्या रकान्यात आणि रुग्णालयाच्या रकान्यात असा दोनदा मोजला जाण्याची चूक नेमकी इथे होते.

परिणामांच्या बाजूला सवलतीचा दर हवा, म्हणजे पुढच्या वर्षांतला फायदा आजच्या हिशेबात दरवर्षी थोडा कमी धरायचा. भारतातल्या आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाच्या मार्गदर्शक पद्धतीत तो खर्च आणि परिणाम दोन्हींसाठी 3 टक्के आहे. मृत्यू टळल्याने 30 वर्षांचे आयुष्य वाचले, तर आजच्या हिशेबात ते साधारण 19.6 वर्षे भरते. सवलत न लावता 30 लिहिले की उपाय आहे त्याहून दीडपट स्वस्त दिसतो. अनुभवी रिव्ह्यूअरच्या हे पहिल्याच वाचनात लक्षात येते. रुग्णाच्या आयुष्याची गुणवत्ता मोजायला ईक्यू-5डी प्रश्नावली वापरली असेल तर मराठी आवृत्ती ती तयार करणाऱ्या युरोक्वॉल संस्थेकडे नोंदणी करूनच घ्यावी आणि भारताची स्वतःची मूल्यसारणी (उत्तरांना गुण देणारा तक्ता) वापरावी. ती 2022 साली प्रसिद्ध झाली आहे. त्यानंतरही थायलंडची किंवा ब्रिटनची सारणी वापरायची असेल तर कारण द्यावे लागते, आणि पटेल असे कारण सहसा सापडत नाही.

खर्चाची आकडेवारी कधीच समतोल नसते. बहुतेकांचा खर्च थोडा आणि दोन-चार डायलिसिसवाल्यांचा प्रचंड. तेव्हा सरासरीसोबत मध्यकही द्यावा, पण निर्णयासाठी सरासरीच लागते, कारण तिला रुग्णसंख्येने गुणले की अंदाजपत्रक निघते. लॉगरिदम घेऊन समीकरण मांडले असेल तर परत रुपयांत येताना नुसता घातांक घेऊ नये. त्याने सरासरी कमी निघते. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ ड्युआन यांची 1983 सालची दुरुस्ती आहे, नाहीतर सरळ गॅमा वितरणाचे प्रारूप वापरावे.

पोर्टलची सेवा बहुतेक ठिकाणी ठीक आहे, उत्तम नाही. एडिटोरियल मॅनेजर आणि स्कॉलरवन या दोन प्रणालींवर बरीच जर्नल चालतात. पायऱ्या सारख्याच: लेखाचा प्रकार, शीर्षक, गोषवारा, लेखक, निधी आणि हितसंबंधांबद्दलची निवेदने, फायली, आणि शेवटी तयार झालेली पीडीएफ उघडून मंजूर करणे. ही शेवटची पायरी विसरली की पेपर आठवडेच्या आठवडे आपल्याच खात्यात पडून राहतो आणि आपण संपादकाची वाट पाहत बसतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर नेट आणि वीज दोन्हींचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक पायरीला जतन करावे आणि गोषवारा आधी साध्या फाइलमध्ये लिहून मग चिकटवावा.

सगळ्यात जास्त खोळंबा सहलेखकांच्या पुष्टीमुळे होतो. आपण खरेच लेखक आहोत याला होकार द्यायला प्रत्येक सहलेखकाला मेल जातो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची बदली झालेली असते, कार्यालयाचा पत्ता दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो आणि मेल कुणी उघडत नाही. सगळ्यांचे खासगी, कायम चालणारे मेलचे पत्ते आणि ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख) आधीच घ्यावेत. नावाचे रूप एकच ठेवावे. एका पेपरात वडिलांच्या नावासह आणि दुसऱ्यात त्याशिवाय असे लिहिले की पुढे दोन वेगळी माणसे तयार होतात. लेखकांचा क्रमही आधी ठरवावा. अर्थशास्त्रात वर्णानुक्रमाची प्रथा आहे, तर वैद्यकात पहिले आणि शेवटचे नाव महत्त्वाचे. डॉक्टर आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक एकत्र काम करत असतील तर हा वाद हमखास होतो, तोही सबमिशनच्या आदल्या रात्री.

ओळख लपवून परीक्षण होणाऱ्या जर्नलला शीर्षक पान वेगळे द्यायचे असते. पण मजकुरात ‘आमच्या डेरवणच्या रुग्णालयात’ असे वाक्य राहिले की ओळख उघड झाली. वर्ड फाइलच्या गुणधर्मांतले लेखकाचे नावही पुसावे. मराठी प्रश्नावली किंवा संमतीपत्र पुरवणी म्हणून जोडणार असाल तर ते युनिकोडमध्येच असावे आणि पीडीएफ करताना फाँट आत बसवावा. जुन्या श्रीलिपी फाइली पोर्टलवर चौकोनांचा किंवा रोमन अक्षरांचा लगदा होऊन येतात आणि संपादकाला प्रश्नावली कोरी वाटते. आकड्यांतही सापळा आहे: 1,50,000 असे लिहिले तर परदेशी वाचक ती टंकनाची चूक समजतो. लाख-कोटी सोडून हजार-दशलक्षाची स्वल्पविराम पद्धत सबंध पेपरात ठेवावी, आणि विनिमय दर तारखेसह एकदाच द्यावा.

आर्थिक मूल्यमापनाच्या पेपराला चीअर्स 2022 ही 28 मुद्द्यांची तपासणी यादी लागते; कोणता मुद्दा पेपरात कुठे आहे ते तिच्यात लिहायचे असते. त्यात पान क्रमांक देऊ नयेत. पोर्टल पीडीएफ बांधताना पाने सरकतात. विभागाचे नाव आणि परिच्छेद द्यावा. नीतिशास्त्र समितीचे पत्र, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख मजकुरात हवी. परदेशी निधी किंवा सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधीच लागते, नंतर काहीच करता येत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची खुली आकडेवारी वापरली असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि फेरी सांगावी. 75 वी फेरी जुलै 2017 ते जून 2018 ची आहे. एका जिल्ह्याचा अंदाज तिच्यातून काढण्याचा मोह टाळावा, नमुना तेवढा नसतो.

निष्कर्ष ‘काही फरक आढळला नाही’ असा आला म्हणून पेपर कपाटात ठेवू नका. आरोग्य अर्थशास्त्राच्या प्रमुख जर्नलांच्या संपादकांनी 2015 मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितले आहे की नीट मांडलेला, महत्त्वाच्या प्रश्नावरचा पेपर केवळ परिणाम सापडला नाही म्हणून नाकारला जाणार नाही. या क्षेत्राबद्दलची ही फार चांगली गोष्ट आहे. लहान ठिकाणच्या संशोधकाला तिचा थेट उपयोग होतो. मात्र नमुना इतका लहान नको की फरक असूनही तो दिसलाच नसता.

पैशाचे म्हणाल तर सदस्यत्वाच्या मार्गाने, म्हणजे वाचक किंवा ग्रंथालये पैसे भरतात त्या पद्धतीत, छापायला बहुतेक ठिकाणी लेखकाला काही द्यावे लागत नाही. काही जर्नल सबमिशनचीच फी घेतात आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही, तेव्हा सूचना आधी वाचा. पूर्ण मुक्त प्रवेशाच्या जर्नलची फी हजारो डॉलरमध्ये जाते. प्रकाशकांच्या आपोआप मिळणाऱ्या फीमाफीत भारत सहसा बसत नाही, कारण अर्थव्यवस्थेचा एकूण आकार मोठा आहे. निधी नसेल तर सवलतीची विनंती सबमिशनच्या वेळीच करावी. पेपर स्वीकारल्यावर केलेली विनंती बहुधा ऐकली जात नाही. ‘चार दिवसांत प्रकाशन’ म्हणून मेल पाठवणाऱ्यांना उत्तरही देऊ नये. पदोन्नतीसाठी कोणती अनुक्रमणिका (जर्नलांची मान्यताप्राप्त सूची) चालते ते आपल्या व्यवसायाच्या परिषदेच्या नियमांत पाहावे, आणि जर्नल तिच्यात खरेच आहे का हे त्या अनुक्रमणिकेच्याच संकेतस्थळावर तपासावे. जर्नलच्या पानावरच्या चिन्हावर विसंबू नये.

पहिले शेरे यायला तीन ते सहा महिने सहज जातात. चार महिन्यांनी एक नम्र मेल पाठवणे रास्त आहे. उत्तर देताना प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली काय बदलले आणि कुठे ते लिहावे. शेरा पटला नाही तर कारण द्यावे, ‘मुद्द्याशी सहमत’ म्हणून बदल न करणे हे सगळ्यात वाईट. सुधारणेची मुदत अपुरी असेल तर ती संपण्याआधी वाढवून मागा, सहसा मिळते.

शेवटच्या टप्प्यात प्रूफ तपासायला अनेकदा 48 तासच देतात, आणि ते गणपतीत आले तर अख्ख्या कोकणात सहलेखक सापडत नाही. एकाला आधीच अधिकार देऊन ठेवावा. त्याने सगळ्यात आधी तक्ते पाहावेत, कारण दशांश चिन्ह तिथेच सरकते. त्याच सुमारास छापण्याच्या हक्काच्या परवान्याचा फॉर्म येतो. हायब्रिड जर्नलमध्ये सदस्यत्वाचा आणि मुक्त प्रवेशाचा असे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. मुक्त प्रवेशाच्या खुणेवर टिचकी पडली की पुढचा मेल बिलाचा असतो. दुसरा पर्याय घेतला तरी स्वीकारलेली, प्रकाशकाने न सजवलेली प्रत संस्थेच्या भांडारात ठेवण्याची मुभा बहुधा असते. किती महिन्यांनी ठेवायची, ते त्याच फॉर्मच्या खालच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते.