चालता चालता बंद पडणारी गाडी आणि स्वस्तातला ओबीडी स्कॅनर

गाडी चालता चालता गपकन बंद पडते, वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी वागते. या दुखण्यासाठी ब्लूटूथचा ईएलएम ३२७ स्कॅनर (गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावून इंजिनच्या संगणकातले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारी डबी) घ्यावा का? घ्यावा. कोड तर तो वाचतोच, पण त्याचे पैसे वसूल होतात ते बंद पडण्याच्या क्षणाची नोंद हाती लागते तेव्हा.

बाजारात मिळतात त्या जवळजवळ सगळ्या नकला. पाकिटावर ‘व्ही १.५’ असतं, मूळ कॅनेडियन कंपनीने १.५ आवृत्ती कधी काढलीच नाही. तरीही या नावाने विकली जाणारी, आत पीआयसी१८एफ२५के८० चिप असलेली नक्कल बरी चालते, ‘व्ही २.१’ लिहिलेल्या अनेक स्वस्त डब्या मात्र काही आज्ञा गाळतात. जोडणी सोपी आहे: स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट, ब्लूटूथचा पिन १२३४ किंवा ००००. आयफोन असेल तर वाय-फाय किंवा ब्लूटूथ एलई मॉडेल बघा.

टॉर्क प्रो किंवा कार स्कॅनर अॅपमध्ये चारच आकडे निवडा: आरपीएम, वेग, व्होल्टेज आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा). दहा-बारा निवडले की ही स्वस्त यंत्रं इतकी हळू वाचतात की नेमका क्षण निसटतो. लॉग (आकड्यांची नोंद) चालू ठेवून गाडी चालवा. बंद पडलीच तर हॅझार्ड लावून कडेला घ्या (ब्रेक आणि स्टिअरिंग जड होणार), पण चावी ऑनच राहू द्या.

आता लॉग बघा. वेग ४० असताना आरपीएम एका झटक्यात शून्य झाला असेल, तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते संगणकाला कळवणारा). स्टार्टर मारताना आरपीएम साधारण २०० दिसायला हवा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच, तर संशय पक्का होत जातो. त्याचा पी०३३५ कोड येईलच असं नाही. आला तरी तो सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे, म्हणून आधी कपलर आणि इंजिनला घासणारी वायर तपासा. दोन वायरींचा सेन्सर गरम असतानाच मल्टिमीटरवर मोजा: काहीशे ते हजार-दीड हजार ओहम येतात (नेमका आकडा मॅन्युअलमध्ये). गरम असताना सर्किट ओपन (मीटरवर काहीच आकडा नाही) आणि थंड झाल्यावर ठीक, तर सेन्सर बदला. तीन वायरींचा हॉल सेन्सर ओहममध्ये मोजून काही कळत नाही. चावी ऑन करून त्याला सप्लाय येतोय का ते बघा.

एक खूण फार कामाची. सॉकेटच्या १६ नंबर पिनला बॅटरीचा थेट करंट असतो. गाडी बंद पडताना स्कॅनरचा दिवा चालू, पण ईसीयूशी (इंजिनच्या संगणकाशी) संपर्क तुटला, तर मेन रिले, इग्निशन स्विच किंवा ईसीयूची अर्थिंग धरा. दिवाही विझला तर आधी बॅटरीचे टर्मिनल आवळा.

झटके मारत, दोन-तीन सेकंद रडत बंद पडली आणि त्याआधी ट्रिम अधिक १० च्या वर चढली होती, तर पेट्रोल कमी पडतंय. इथे स्कॅनरची मर्यादा येते: बहुतेक एमपीएफआय (साध्या पेट्रोल इंजेक्शनच्या) गाड्यांत इंधनाचं प्रेशर तो दाखवत नाही. साधा गेज लावा, बहुधा ३ ते ४ बार हवं. पंप बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीला आधी पंपाचा रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघायला लावा. कॉमन रेल डिझेलमध्ये मात्र रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचं) बहुधा दिसतं. ते चढावर कोसळत असेल तर फिल्टरपासून सुरुवात करा आणि त्यातलं पाणी काढा.

फक्त सिग्नलला, एसी लावल्यावर बंद पडत असेल तर स्कॅनरची घाई नको. थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारी झडप) साफ करून आयडल रीलर्न करा, म्हणजे संगणकाला उभ्या गाडीचा इंजिन-वेग नव्याने शिकवा.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. व्होल्टेजचा आकडा थोडा मागेपुढे असतो. इंजिन चालू असताना मल्टिमीटरवर १३.८ ते १४.५ हाच खरा निकष. आणि इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपाची) माहिती यातून सहसा मिळत नाही. ‘क्लिअर कोड’ला घाईने हात लावू नका, कोडसोबत फ्रीझ फ्रेमही (कोड आला त्या क्षणाचे आकडे) पुसली जाते, आधी स्क्रीनशॉट काढा. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर डबी सॉकेटमधून काढून ठेवा, ती बॅटरी खात राहते.