रात्रीचे जेवण आणि उबदार कपडे : कोल्हापुरातील विद्यार्थ्यांच्या सेवेविषयी अभिप्राय

मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्थानक, भवानी मंडपाचा परिसर आणि सीपीआर रुग्णालयाबाहेरचा रस्ता या ठिकाणी उघड्यावर झोपणाऱ्यांना थंडीच्या दिवसांत जेवण आणि उबदार कपडे पोहोचवणारा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक गट आपल्या शहरात काम करतो. त्यांना शिधा व कपडे देणारा एक नागरिक म्हणून आणि अधूनमधून त्यांच्यासोबत फेरीला जाऊन जे पाहिले, त्यावर हा अभिप्राय आधारलेला आहे. जेवणाला मी पैकीच्या पैकी गुण देतो; कपड्यांच्या बाबतीत मात्र सुरुवातीला निम्मेही दिले नसते.

जेवणाची वेळ त्यांनी विचारपूर्वक निवडली आहे. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळे मंदिराच्या आसपास दिवसा फिरस्त्यांच्या पोटात काही ना काही पडते. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली शिवभोजन थाळी १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात देणारी असली, तरी तीही दुपारचीच. खरी अडचण दुकाने बंद झाल्यावर सुरू होते, आणि ही मुले नेमकी त्याच वेळी निघतात. पहिल्यांदा ती भाकरी आणि सुकी भाजी देत असत, परंतु दात नसलेल्या म्हाताऱ्यांना गार झालेली भाकरी चावत नाही हे लक्षात येताच त्यांनी मऊ खिचडी आणि पातळ आमटी सुरू केली. रिकाम्या पोटी झणझणीत जेवण सोसत नाही म्हणून आमटीतली चटणीही निम्म्यावर आणली, आणि कोल्हापुरात आमटीचे तिखट कमी करायला किती धाडस लागते हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको. लग्नकार्यात उरलेले अन्न ते सरसकट स्वीकारत नाहीत. ते केव्हा शिजवले हे विचारतात, आणि दुपारच्या पंगतीतले असेल तर नम्रपणे नाकारतात. यामुळे काही यजमान नाराज होतात, पण मला हा नियम योग्य वाटतो, कारण रस्त्यावर राहणाऱ्याला जुलाब लागले तर त्याने रात्री कुठे जायचे, याचा विचार पंगतीत वाढणारा करत नाही.

कपड्यांचे काम सुरुवातीला ढोबळ होते. घरोघरी आवाहन करून जमलेले स्वेटर आणि जाड रजया टेम्पोत भरायच्या आणि समोर दिसेल त्याला द्यायच्या, एवढीच पद्धत होती. बसस्थानकाजवळ एका मुलाने एका वृद्धेपुढे लोकरीचा स्वेटर धरला, तेव्हा ती म्हणाली, “स्वेटर नगं रं पोरा. थंडी वरनं न्हाई, खालनं वाजतीया. हांतरायला काय हाय का बघ.” फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते, हे वर्गात शिकलेले उष्णतावहन त्या मुलांना तिथे खऱ्या अर्थाने समजले असावे. दुसरी अडचण साठवणीची. दिवसा रजई ठेवायची कुठे? बाजूला ठेवावी तर चोरीला जाते किंवा सकाळी झाडलोट होताना कचऱ्याबरोबर उचलली जाते, आणि पाठीवर घेऊन फिरावे तर वजन पेलत नाही. जुन्या लुगड्यांची वाकळ उबदार खरी, पण दवाने एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही.

यावर मुलांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. चौकाचौकांत लागणारे वाढदिवसाचे फ्लेक्स मुदत संपल्यावर मागून आणायचे, पथारीच्या मापाने कापायचे, त्यावर पोत्याचा एक थर शिवायचा आणि वरून पांघरायला हलकी चादर द्यायची. ओल वर येत नाही, गुंडाळी खांद्याला अडकवता येते आणि ती चोरण्यात कोणाला रस नसतो. नेतेमंडळींचे हसरे चेहरे अशा रीतीने जनतेच्या उपयोगी पडतात, हा आणखी एक लाभ. स्वेटरऐवजी आता कानटोपी आणि पायमोजे दिले जातात, कारण ते अंगावरच राहतात.

उणीव सातत्याची आहे. गटातील बहुतेक मुले वसतिगृहात राहणारी आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली त्या शहरात हे शोभणारेच आहे, परंतु दिवाळीच्या सुटीत ही मुले गावी जातात आणि सत्र परीक्षा आल्या की फेऱ्या थांबतात. ज्यांना रोज रात्री जेवण येते अशी सवय लागलेली असते, ते त्या दिवसांत दुसरीकडे काही मागायला न जाता वाट पाहत बसतात. फेरी बंद राहणार असेल तर निदान आदल्या रात्री तसे सांगावे आणि स्थानिक तरुण मंडळांकडे ते दिवस सोपवावेत, अशी माझी स्पष्ट सूचना आहे.

निवाऱ्याच्या बाबतीतही त्यांनी अधिक करायला हवे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक कायमस्वरूपी निवारा अपेक्षित होता, आणि २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती, म्हणजे निदान पाच निवारे हवेत. मुले निवाऱ्याची माहिती देतात, पण नुसता पत्ता सांगून माणूस तिकडे जात नाही; मंदिराजवळची नेहमीची जागा, सोबतचे कुत्रे किंवा नवरा-बायकोची वेगवेगळ्या ठिकाणी सोय ही कारणे आड येतात. एखाद्याला पहिल्या रात्री सोबत नेऊन तिथपर्यंत सोडणे त्यांना सहज जमण्यासारखे आहे.

ज्यांना मदत करायची असेल त्यांनी आधी काय हवे आहे ते विचारावे, कारण स्वेटरांचा ढीग त्यांच्याकडे अजून पडून आहे. कपडे द्यायचेच असतील तर धुऊन आणि तुटलेली बटणे लावून द्यावेत. वसतिगृहाच्या दोरीवर त्या मुलांच्या स्वतःच्या कपड्यांनाच जागा पुरत नाही.