पंखे फिरतात, डिस्प्ले नाही: घरीच शोधावं की बेळगावला न्यावं?

सगळे भाग बसवून झाले, बटण दाबलं, पंखे फिरले, दिवेही लागले, पण मॉनिटर काळाच. पहिला पीसी स्वतः जोडणारे बरेच जण इथे अडतात. पुढे दोन वाटा दिसतात. कॅबिनेट उघडून आपणच शोधत बसायचं, नाहीतर ते उचलून दुकानात न्यायचं. मी खानापूरचा, त्यामुळे दुकान म्हटलं की बेळगाव, पंचवीसेक किलोमीटर. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, ते तिकडे जातात. मी एकाच पीसीसाठी दोन्ही वाटा धरल्या, आधी दुकानाच्या दोन फेऱ्या आणि मग घरी एक अख्खा रविवार. त्यावरून झालेलं मत सांगतो. तुमची अडचण वेगळी असू शकते, हे धरूनच वाचा.

माझं सामान असं होतं: रायझन 5 5600 प्रोसेसर, बी550 मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड), 8 जीबीच्या दोन रॅम आणि मावसभावानं दिलेलं तीन पंख्यांचं जुनं, चांगलंच जड ग्राफिक्स कार्ड.

दुकानाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. दोष शोधणं म्हणजे बहुतेक वेळा संशयित भाग काढून तिथे चालू असलेला दुसरा लावून बघणं. तो दुसरा भाग आपल्या घरी नसतो, दुकानात असतो. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय आला तर दुसरा जोडून दहा मिनिटांत निकाल लागतो. बायोसचंही, म्हणजे बोर्डातल्या पीसी सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचंही, तेच. बी450 बोर्ड 2018 साली आले आणि रायझन 5000 मालिकेचे प्रोसेसर 2020 च्या शेवटी. खोक्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेला बोर्ड तुमच्या वाट्याला आला असेल, तर त्यातलं बायोस जुनंच असतं, तो नवा प्रोसेसर ओळखत नाही आणि डिस्प्ले येत नाही. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हवरून घरी अपडेट होतं. नसेल तर आधी जुना प्रोसेसर बसवून अपडेट करावं लागतं, आणि असा जुना प्रोसेसर दुकानातच मिळायचा. सॉकेटची किंवा प्रोसेसरची पिन वाकलेली दिसली, तर मात्र घरी सुईनं सरळ करायला बसू नका. माझ्या मते तिथे विचार करायचं कारणच नाही, दुकान गाठावं.

एवढं सगळं दुकानाच्या बाजूनं असूनही माझा कल बदलला, तो एका गोष्टीमुळे.

जुलैचा महिना होता. खानापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. कॅबिनेट आधी चादरीत, वरून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बेळगावला गेलो. दुकानातल्या मुलानं ते टेबलावर आडवं ठेवलं, बाजूची काच काढली, त्यांची केबल लावली, बटण दाबलं. डिस्प्ले आला. "काय नाही की हो ह्याला," तो म्हणाला. तरी त्यानं रॅम काढून पुसून परत बसवली, तपासणीचे तीनशे रुपये घेतले. घरी आणून टेबलाशेजारी उभं केलं, बटण दाबलं, पडदा काळा.

आठवड्यानं पुन्हा गेलो. आईला बाजारात काम होतं, ती सोबत आली. 2023 पासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, त्यामुळे तिच्या येण्याचा भार नव्हता, आणि चढता-उतरताना एक हात मदतीला झाला. दुकानात पुन्हा तेच. आडवं ठेवलं, काच काढली, डिस्प्ले आला. ह्या वेळी त्यांनी तासभर चालू ठेवला, गेमही लावून दाखवला. "घरचा मॉनिटर बघा एकदा," असं सांगितलं. मॉनिटर मी आधीच लॅपटॉपला जोडून पाहिला होता, तो ठणठणीत होता. मुलगा प्रामाणिक होता, त्याच्या डोळ्यांसमोर पीसी चालत होता, तो तरी काय करणार? पण मला जे रोज दिसत होतं ते मी त्याला दाखवू शकत नव्हतो. पैशापेक्षा, हेलपाट्यांपेक्षा हे फार जाचलं. परतीच्या बसमध्ये मांडीवर चालू पीसी होता आणि घरी पोचल्यावर तो बंद पडणार हे मला माहीत होतं.

मग रविवारी घरीच बसलो. नेहमीच्या गोष्टी भराभर पाहून घेतल्या. प्रोसेसरची वरच्या कोपऱ्यातली आठ पिनांची केबल लावलेली होती (ती विसरली तरी पंखे फिरतात आणि माणूस फसतो). रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत होत्या. मॉनिटरची केबल कार्डात होती, बोर्डात नव्हती. 5600 ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येत नाही. पीसी बंद करून, वायर काढून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून मूळ जागी येते. फरक पडला नाही.

आता ज्या दिव्यांकडे पहिल्या दिवसापासून बघायला हवं होतं, त्यांच्याकडे बघितलं. माझ्या बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (डिस्कवरून सुरू होणं). सुरू होताना एकेक लागून विझतो. जिथे अडलं तिथला लागून राहतो. माझा व्हीजीए लागून राहिला होता. कार्डाचे पंखे फिरत होते म्हणून मी कार्डाला कधी दोष दिला नव्हता, पण त्या पंख्यांना वीज थेट एसएमपीएसच्या केबलमधून मिळते. कार्ड बोर्डाशी बोलतंय की नाही, हे पंख्यांवरून कळत नाही.

कार्ड काढायचं म्हणून कॅबिनेट जमिनीवर आडवं केलं. काढण्याआधी सहज एकदा बटण दाबून पाहिलं. व्हीजीए दिवा विझला, डिस्प्ले आला! बंद केलं, उभं केलं, बटण दाबलं. दिवा लागून राहिला. परत आडवं, परत डिस्प्ले. तीनदा केलं.

कॅबिनेट उभं असताना कार्ड आडवं लोंबतं आणि त्याचं मोकळं टोक वजनानं खाली झुकतं. कॅबिनेट आडवं केलं की कार्ड उभं राहतं, सगळं वजन सरळ खाचेत बसतं. दुकानात कॅबिनेट दोन्ही वेळा आडवंच होतं, कारण टेबलावर काम करायला तेच सोयीचं. कार्डाच्या पट्टीचा दोनपैकी एकच स्क्रू मी लावला होता, तोही ढिला, आणि खाचेची पकड खटकन बसलेली नव्हती. कार्ड काढून नीट दाबून बसवलं, दोन्ही स्क्रू आवळले, मोकळ्या टोकाखाली एक लाकडी ठोकळा दिला. तेव्हापासून डिस्प्ले एकदाही गेला नाही.

त्याच रविवारी आणखी एक गोष्ट सापडली. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायच्या. टेस्टर लावला तर लागायचा. आमचं घर जुनं, पीसी लावलेल्या भिंतीतल्या स्विचबोर्डाच्या अर्थिंगची वायर मागे कुठेच जोडलेली नव्हती. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात. अर्थिंग नसलं की त्यांच्यामुळे पत्र्यावर 230 व्होल्टच्या साधारण निम्मा दाब येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण मॉनिटरची केबल लावता-काढताना तो पोर्टला घातक ठरू शकतो. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं. हा दोष बेळगावच्या टेबलावर शंभर वेळा तपासूनही सापडला नसता, कारण तो पीसीत नव्हता, आमच्या भिंतीत होता.

घरच्या वाटेतही खोट आहे, ती लपवत नाही. वेळ बराच जातो. दोन गोष्टी एकदम बदलायचा मोह होतो आणि मग कशानं सुटलं ते कळत नाही. डीडीआर5 रॅमच्या नव्या बोर्डांवर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं पडदा काळाच राहतो, बोर्ड रॅम जुळवून घेत असतो. तेवढ्यात घाबरून बटण दाबणारे मी पाहिलेत. एसएमपीएस तर कधीच उघडू नका, वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले राहू शकतात. दुसरा भाग लावल्याशिवाय उत्तर मिळणारच नाही अशा जागी पोचलात, तर दुकानाला पर्याय नाही.

तरीही मला विचाराल तर आधी एक सुट्टीचा दिवस घरी द्यावा. पीसी जिथे, ज्या स्विचबोर्डावर, ज्या बाजूनं उभा राहणार आहे तिथेच बघावं. बेळगावपासून तुम्ही जितके लांब, जांबोटी किंवा लोंढ्याकडे, तितकं हे जास्त लागू पडतं. आणि पुढच्या वेळी मदरबोर्ड घेताना ते चार दिवे असलेलाच घ्या, त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

दुकानातच न्यायचं ठरलं, तर आधी कार्ड काढून वेगळं बांधा. घरची पॉवर केबल सोबत न्या. कुठला दिवा लागून राहतो त्याचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या. आणि दुकानात चालू झाला की त्यांना सांगा, "आता कॅबिनेट उभं करून परत एकदा चालू करा."