लिनक्स मिंटवर नऊ महिने: गप्प बसणारा लॅपटॉप

मार्चमध्ये लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, आता डिसेंबर लागला. नऊ महिन्यांत हौस फिटली, दोनदा पश्चात्तापही झाला, पण रोजचं काम अजून तिथेच चालू आहे. तेव्हा आता अनुभव लिहायला हरकत नाही. मी घरून अनुवाद आणि मुद्रितशोधन करते. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी, तेही लग्नाआधीचं. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडून ज्यांना आनंद होतो त्यांना यात नवं काही सापडणार नाही.

लॅपटॉप २०१७ च्या दिवाळीत घेतलेला. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. बनवणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुकानात मांडलेल्या बाकीच्या कंपन्यांच्या लॅपटॉपवरही तोच पसारा होता. तीस दिवसांचा अँटिव्हायरस, कंपनीचा स्वतःचा ‘मदतनीस’, एका खरेदीच्या साइटचं चित्र, तीन गेम आणि फोटो सजवायचं काहीतरी. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, त्यातली गत. हे घोडं फुकट येत नाही, एवढं मला नंतर कळलं. सॉफ्टवेअरवाले आपला माल आधीच भरून द्यावा म्हणून लॅपटॉपवाल्यांना पैसे मोजतात, त्यामुळे लॅपटॉपची किंमत थोडी खाली ठेवता येते, आणि उरलेलं बिल आपण रोज थोडं थोडं चुकवत बसतो.

हा प्रकार नुसता कटकटीचा असतो असंही नाही. २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये आधीच भरलेलं सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर उघडकीला आलं. त्याने स्वतःचं सुरक्षा प्रमाणपत्र यंत्रात घुसवलं होतं, त्यामुळे बँकेसारख्या सुरक्षित साइटशी चाललेलं बोलणंही मध्येच उघडं पडू शकत होतं. जाहिरात दाखवण्यासाठी घराचं कुलूपच बदलून टाकलं म्हणा ना.

माझ्याकडे इतकं भयंकर काही घडलं नाही. घडलं ते असं. अँटिव्हायरसचे तीस दिवस कधीच संपले होते, पण त्याचा कोपऱ्यातला लाल चौकोन काही जाईना. ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’, रोज सकाळी. मी बंद करायची आणि कामाला लागायची. एके दुपारी मी बाहेरून आले तर बाबा टेबलाशी चष्मा लावून बसलेले, पुढ्यात डेबिट कार्ड. “अगं, सदतीस धोके आहेत म्हणतोय. नूतनीकरण करून टाकतो.” बाबा निवृत्त तलाठी. ‘नूतनीकरण’ हा शब्द दिसला की भरणा करायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. थोडक्यात वाचलो. सदतीस धोके म्हणजे ब्राउझरच्या सदतीस कुकी होत्या.

त्या रात्री मी ते सगळं काढायला बसले. निम्मं निघालं. पुढच्या अपडेटनंतर त्यातलं थोडं परत उगवलं, हरळीसारखं. शेवटी वैतागून कंपनीने दिलेल्या रिकव्हरीतून लॅपटॉप पहिल्या दिवसासारखा केला, आणि तो खरोखरच पहिल्या दिवसासारखा झाला: गेम, मदतनीस, तीस दिवसांचा अँटिव्हायरस, सगळी मंडळी हजर. रिकव्हरीत त्यांचीही बिऱ्हाडं असतात, हे तेव्हा कळलं.

त्यात आणखी एक टांगती तलवार होती. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. माझा सातव्या पिढीचा, म्हणजे एका पायरीने नापास. लॅपटॉपची कळफलकाची बटणं शाबूत, पडदा स्वच्छ. केवळ पिढी चुकली म्हणून भंगारात द्यायचा हे मनाला पटेना.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “मावशी, आधी फिरत्या डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाक. मग काय टाकायचं ते बघू.” ही त्याची सूचना सर्वांत मोलाची ठरली आणि ती लिनक्सबद्दल नव्हतीच. ४८० जीबीची एसएसडी आणि ४ जीबीची जादा रॅम, सगळं मिळून साडेतीन हजारांत झालं. फिरत्या डिस्कवर तीन मिनिटं लावणारं विंडोजही एसएसडीवर पंचवीस सेकंदांत उठायला लागलं. म्हणून कुणी ‘लिनक्स टाकलं आणि जुना लॅपटॉप उडायला लागला’ म्हणालं, तर आधी डिस्क बदलली होती का ते विचारा.

पर्याय चाळले तेव्हा सीडॅक या सरकारी संगणक संस्थेची बॉस लिनक्स पाहिली. डेबियन या लिनक्सवर बेतलेली आणि आपल्या भाषांचा विचार केलेली म्हणून मन ओढ घेत होतं, पण अडलं तर विचारायचं कुणाला? मिंटबद्दल कुठलाही प्रश्न टाकला की आधी कुणीतरी त्याच खड्ड्यात पडून बाहेर आलेलं असतं. गूगलची क्रोम ओएस फ्लेक्स हलकी आहे, पण सगळं आयुष्य ब्राउझरमध्ये मांडायचं, तर माझं काम त्यात मावत नाही. मॅकची किंमत पाहून दुकानातूनच परत फिरले.

मिंट २००६ पासून आहे. क्लेमां लफेव्र या गृहस्थांनी ते सुरू केलं. पाया उबुंटू या दुसऱ्या लिनक्सचा, पण मालकाचं सगळं निमूट ऐकणारा हा भाडेकरू नाही. आपण क्रोमियम ब्राउझर मागितला की गुपचूप स्नॅप नावाचं स्वतःचं ॲपचं दुकानही बसवायची सोय उबुंटूने केली, तेव्हा २०२० च्या मिंट २० ने ती वाटच बंद केली. हे वाचलं आणि माझं ठरलं. लिनक्सवाले सगळे संत असतात असं मात्र समजू नका. खुद्द उबुंटूने २०१२ मध्ये फाइल शोधायच्या खिडकीत ॲमेझॉनवरच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली होती, आणि लोकांनी बरीच वर्षं ओरड केल्यावर ते आपोआप दिसणं थांबलं.

बसवणं सोपं गेलं. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की काहीही न पुसता मिंट चालवून बघता येतं, वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का. तसं दोन दिवस वापरलं, सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढल्या आणि मग विंडोजच्या शेजारी मिंटला जागा दिली. विंडोज पूर्ण पुसायची हिंमत झाली नाही. ते बरंच झालं, पुढे कळेलच.

पहिली गंमत घड्याळाची. विंडोजमध्ये परत गेले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. दोनदा मी ते हाताने लावलं. मग कारण समजलं: लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. आपला फरक साडेपाच तासांचा, म्हणून साडेपाच. एका ओळीच्या आज्ञेने मिटलं. दुसरं म्हणजे विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज नीट झोपत नाही, अर्धवट डोळे मिटून पडतं, आणि मिंटमधून त्याच्या फाइली वाचता येतात पण बदलता येत नाहीत.

आता माझ्या पोटापाण्याचा विषय, मराठी. इथे मी घाबरत होते आणि इथेच सुखद धक्का बसला. कळफलकाच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट निवडलं, बाहेरून काही आणावं लागलं नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ आणि ‘ॲप’मधला ॲ दोन्ही नीट उमटतात. ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे त्यांनी आयबस आणि एम१७एन ही टंकनाच्या सॉफ्टवेअरची जोडी बसवावी; तिथल्या यादीत चक्क गमभन ही मराठी टंकनाची जुनी पद्धत सापडली. जुनी मैत्रीण भेटावी तसं वाटलं. वर्डसारख्या लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली की काही फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे होतात, हिंदीच्या वळणाचे राहत नाहीत. शाळेत गिरवलेला ल पडद्यावर दिसला की प्रुफं वाचताना डोळ्याला बरं वाटतं. हे वेड सगळ्यांना नसतं, मान्य.

जिथे अडलं ते असं. दोन प्रकाशक अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइली पाठवतात. तो फॉन्ट मिंटमध्ये टाकला की वाचता येतं, पण त्यात टंकन करायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे विंडोजचंच आहे. वर्डच्या साध्या फाइली आणि त्यातल्या दुरुस्तीच्या खुणा नीट येतात. तक्ते असलेल्या फाइलीत मूळचा फॉन्ट माझ्याकडे नसेल तर दुसरा लागतो, ओळ लांबते आणि तक्ता खालच्या पानावर जातो. पानांची मांडणी ज्यांना हवी असते त्यांना मी आता पीडीएफही मागते. प्रिंटर पहिल्या दिवशी आपोआप सापडला, स्कॅनरसाठी मात्र एक शनिवार गेला.

पश्चात्ताप दोनदा झाला म्हणाले ते सांगते. एप्रिलमध्ये झाकण मिटून उघडलं की वाय-फाय परत येत नसे. वीज वाचवायची एक सेटिंग बंद केल्यावर थांबलं, पण ते सापडेपर्यंत चार दिवस दर वेळी लॅपटॉप बंद-चालू. दुसऱ्यांदा, ऑगस्टमध्ये, एका अपडेटनंतर पडदा काळाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी एक प्रकरण द्यायचं होतं. हातपाय गार. भाच्याने फोनवरून सुरुवातीच्या यादीतला आधीचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, निवडायला लावला आणि मग टाइमशिफ्टने आदल्या दिवशीची स्थिती परत आणली. टाइमशिफ्ट मिंटबरोबरच येतं, पण ते चालू करून द्यावं लागतं. बसवल्यावर पहिल्या तासात हे करा, भिंतीचं चित्र नंतर बदला. सप्टेंबरमध्ये २२.१ वरून २२.२ वर जाताना म्हणून धाकधूक होती; अर्ध्या तासात विनातक्रार झालं. या आवृत्तीचं नाव झारा. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. २०२९ पर्यंत हिला सुरक्षेची अपडेट मिळणार आहेत.

बॅटरी विंडोजपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं कमी टिकते. टर्मिनल नऊ महिन्यांत सहा-सात वेळा उघडावं लागलं. कुठून तरी उचललेली आज्ञा न समजता चिकटवायची नाही, एवढा एक नियम पाळला.

आणि या सगळ्याच्या बदल्यात मिळालं काय? मिंटमध्येही मला नको असलेल्या गोष्टी होत्या, टीव्ही बघायचं हिप्नॉटिक्स वगैरे. मी त्या काढल्या. पुढे नऊ महिन्यांत किती अपडेट आली, पण काढलेलं एकही परत आलं नाही. हे सांगायला इतकं साधं आहे की लिहिताना संकोच वाटतोय. अपडेट आलं की खाली ढालीच्या चित्रावर एक ठिपका दिसतो आणि मी बघेपर्यंत तो तसाच राहतो. कुणी मला माझ्या ‘अनुभवाला’ पाच तारे मागत नाही. दुपारी चार तास सलग वाचत बसले तरी पडद्यावर माझ्या मजकुराखेरीज काही हलत नाही. पूर्वी एखादं वाक्य मनात जुळत असताना कोपऱ्यात काहीतरी टुण्णकन उगवायचं आणि वाक्य निसटायचं. त्याचा हिशेब मी कधी ठेवला नव्हता.

बाबांचं स्वतंत्र खातं करून दिलंय. बँकेची साइट, बातम्या आणि पत्ते. आधीच्या पत्त्यांच्या खेळात दोन-चार डावांनी एक जाहिरात बघावी लागायची, ते बिचारे ती शेवटपर्यंत नीट बघायचे. आता जाहिरात नाही, पण ते हरतात जास्त. त्यांचा पक्का संशय आहे की आधीचा खेळ त्यांना मुद्दाम जिंकू द्यायचा.

विंडोजची खोली अजून आहे. नवऱ्याच्या एलएलपीचं (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेचं) जीएसटी डिजिटल सहीच्या, पेनड्राइव्हसारख्या टोकनवर भरावं लागतं, आणि ते टोकन मिंटमध्ये ओळखलं जावं म्हणून मी दोन रविवार घालवले. जमलं नाही. विंडोज १० साठी नोंदणी केली की वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ती केली आहे. तोवर दर महिन्याच्या वीस तारखेच्या आत एकदा तिकडे जायचं, सही करायची, अपडेट संपायची वाट बघायची आणि परत यायचं. गेल्या महिन्यात त्या वाट बघण्यात कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या.