मोसंबीसाठी शेताचा सॅटेलाइट नकाशा काढून घेतला, माझा अनुभव

अंबड तालुक्यात आमचं सहा एकर, ओढ्याला लागून. 2012-13 च्या दुष्काळात आबांची मोसंबीची बाग डोळ्यादेखत वाळली, तेव्हापासून घरात बागेचं नाव कुणी काढलं नव्हतं. यंदा परत लावायचं ठरलं तर मी म्हणलं अंदाजावर नको, आधी जागा तपासू. जालन्याला एक जण जीआयएसवर (नकाशे अन जागेची माहिती जोडायचं कॉम्प्युटरचं तंत्र) नकाशे करून देतो, साडेतीन हजार घेतले, सातबारा अन गट नंबर दिला, बारा दिवसांनी नकाशा आला.

पद्धत अशी की उतार, माती, ओलावा, ओढ्या-विहिरीपासूनचं अंतर असे थर एकावर एक ठेवायचे, मोसंबीला ज्याचं महत्त्व जास्त त्याला गुण जास्त, अन बेरजेवरून रंग. हिरवं चांगलं, पिवळं मध्यम, लाल नको.

ओलाव्याचा थर मात्र लई कामाचा निघाला. सेंटिनल-2 या उपग्रहाच्या फोटोत एक चौकोन 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, तर आमच्या सहा एकराचे 240 चौकोन झाले, गुंठ्या-गुंठ्याचा हिशोब. ऑक्टोबर अन एप्रिलचे फोटो लावून ओढ्याकडचा दीड एकर लाल आला. आबांना नकाशा दाखवायच्या आधीच ते म्हणले, तिथं वाफसा (मशागतीजोगी ओल) आठ दिवस उशिरा येतो. बरोबर तोच तुकडा, अन मोसंबीच्या मुळाशी पाणी थांबलं की डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आलाच म्हणून समजा.

मातीचा थर मात्र कच्चा. तो 1:250000 स्केलच्या नकाशावरून घेतलेला, त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, आमचं रान तिथं मिलिमीटरभर पण भरत नाही, सगळ्या शिवाराला एकच माती दाखवली. उताराचा चौकोन 30 मीटरचा, नऊ गुंठ्याला एक आकडा, बांधाखालची खोलगट जागा त्यात दिसणारच नाही. हे पैसे घ्यायच्या आधी सांगायला पाहिजे होतं, मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, याचं मला वाईट वाटलं.

म्हणून हिरव्या अडीच एकरात तीन खड्डे घेतले, तीन-साडेतीन फूट. दोन खड्ड्यांत वर तांबूस मध्यम माती अन खाली मोकळा मुरूम, हातात घेतला की भुगा होतो. तिसऱ्यात दीड फुटावरच पांढरे खडे लागले, त्यावर पातळ ॲसिडचे थेंब टाकले तर सोडा फुटल्यासारखा फसफसून फेस आला, चुनखडी. अशा जागी मोसंबी दोन-तीन वर्षं बरी दिसते अन मग पानं पिवळी पडायला लागतात. नकाशावर ती जागा हिरवीगार होती बरं का.

तरी मी पाचपैकी चार देईन, कारण सहा एकरात खड्डे नेमके कुठं घ्यायचे ते नकाशानीच सांगितलं, नाहीतर आम्ही ओढ्याच्या भारी काळ्या रानातच लावली असती, पाणी जवळ म्हणून. कुणाला करून घ्यायचा असंल तर मातीचा अन उताराचा डेटा कोणत्या स्केलचा ते आधी विचारा, पावसाळ्यानंतरचा फोटो घेतलाय का ते बघा, अन विहिरीला मे महिन्यात पाणी किती राहतं ते तुम्हीच सांगा, ते वरून कुणाला दिसत नाही.

चुनखडीचा अर्धा एकर सोडला. बाकी दोन एकरात 6 बाय 6 मीटरवर सव्वादोनशेच्या आसपास झाडं बसतात, कलमं रंगपूर लिंबाच्या खुंटावरची सांगितलीत, अन आबा रोज सकाळी जाऊन दोरी धरून खुणा तपासून येतात.